आमची वाटचाल : चार साड्या, एक गोधडी

सहावारी साडी मधोमध कापायची नसते, फाडायची असते. काठापुरती कात्री चालवायची आणि मग दोन्ही हातांनी एका दमात ओढायचं. सुती कापड आडव्या धाग्यावर सरळ फाटत जातं. कात्री पंचेचाळीस इंचांच्या पन्ह्यात अर्धा इंच तरी भरकटतेच, आणि तो अर्धा इंच शेवटी गोधडीच्या कोपऱ्यात चुणी होऊन बाहेर पडतो. २००९ मध्ये चिपळुणात काकूंच्या पडवीत आमचं गोधड्या शिवायचं काम सुरू झालं तेव्हा त्यांनी आम्हाला शिकवलेली ही पहिली गोष्ट. काकू आमच्या पहिल्या भागीदार. भांडवल म्हणून त्यांनी दिलं ते एक पायमशीन, दोन चांगल्या कात्र्या आणि चाळीस वर्षांचा हात.

साडेपाच मीटरची साडी फाडली की पावणेतीन मीटरचे दोन तुकडे होतात. ते लांबीत एकमेकांना जोडले की डबलबेडच्या गोधडीचा एक थर तयार. असे चार थर लागतात, म्हणजे चार साड्या. तीन थरांत ऊब येत नाही. पाच घातले की हाताची सुई अडते आणि धुताना ओली गोधडी दोन बायकांनाही उचलत नाही. कडा छाटून, दुमडून तयार गोधडी ८४ बाय १०० इंचांची भरते.

साडी आली की आधी उजेडात धरून बघायची. मांडी घालून बसून बसून जिथे धागा विरळ होतो तिथून उजेड जास्त येतो. त्या जागी दोन अंगठ्यांनी हलकं ताणायचं. करकर आवाज आला तर ती साडी थराला घ्यायची नाही, ठिगळांना ठेवायची. फॉल उसवायचा. रात्रभर कोमट पाण्यात भिजवून खळ काढायची, कारण खळ राहिली की कसर लागते. पांढरं ओलं फडकं काठावर घासून रंग सुटतो का ते बघायचं. आतल्या थरांचे जरीचे काठ काढून टाकायचे, जर सुईला अडते आणि अंगाला टोचते. पदर जाड असतो म्हणून एका थराचा पदर उशाला, पुढच्याचा पायथ्याला. चारही पदर एकाच बाजूला आले की ती बाजू फळीसारखी होते.

आणि सुतीत सिंथेटिक मिसळायचं नाही. अजिबात नाही. पहिल्या धुण्यात सुती आटतं, सिंथेटिक आटत नाही, आणि गोधडीला पोट येतं. ते पोट कुठल्याही इस्त्रीने जात नाही. कुणी कितीही मऊ साडी आणून दिली तरी आम्ही काठाचा एक धागा ओढून जाळून बघतो. सुताची राख भुरभुरीत होते आणि जळक्या कागदाचा वास येतो. सिंथेटिकचा कडक मणी होतो.

थर जमिनीवर पसरले की मधून बाहेर हात फिरवत हवा काढायची आणि मधूनच बाहेर वीतभर अंतरावर कच्चे टाके घालत जायचं. घाई असली की नवशिक्या कडेपासून सुरुवात करतात, मग सगळा सैल कपडा मधे गोळा होतो. पक्का धावदोरा दीड इंचावर एक ओळ असा. म्हणजे छप्पन ओळी, प्रत्येक शंभर इंच, जवळपास १४० मीटर टाका, आणि दुहेरी दोऱ्याचं पावणेचारशे ते चारशे मीटर रीळ. दोऱ्याला मेण लावलं नाही तर दर हातभर गुंता होतो. दोन बायका समोरासमोर बसल्या तर सहा-सात दिवसांत गोधडी उतरते.

हे सगळं इतकं सविस्तर लिहिलं, कारण २०१९ साली शहरातला एक व्यापारी आमच्याकडे आला होता.

त्याने चाळीस गोधड्यांची मागणी दिली. नमुन्याला तीन गोधड्या नेल्या, टाक्याची रचना उतरवायची म्हणून आमचे कागदी फर्मेही नेले. आगाऊ रक्कम पुढच्या आठवड्यात देतो म्हणाला आणि आम्ही मान्य केलं. बावीस गोधड्या पुऱ्या झाल्या तेव्हा निरोप आला की बाकीच्या नकोत, झालेल्याही नकोत. तीन महिन्यांनी त्याच्या दुकानात ‘कोकणातली हातगोधडी’ अशा चिठ्ठीने आमच्याच रचनेची गोधडी लटकलेली होती. वर एक पातळ सुती कापड, खाली एक, मधे पॉलिएस्टरचं भरण, आणि सगळं मशीनवर आठ-आठ इंचांवर शिवलेलं. एका दिवसाचं काम. किंमत आमच्यापेक्षा कमी.

आठ इंचांवर टाका असला की तिसऱ्या धुण्यात आतलं भरण सरकून गोळे होतात. कोकणच्या दमट हवेत पॉलिएस्टर घाम शोषत नाही, अंगाखाली चिकचिक होते. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण गोळे झालेल्या गोधड्या घेऊन लोक आमच्या दारात आले, कारण चिठ्ठीवर कोकण लिहिलं होतं आणि रचना आमची होती. त्यांतल्या अकरा गोधड्या आम्ही उसवून, भरण काढून, आत जुन्या साडीचे दोन थर घालून परत शिवून दिल्या. पैसे फक्त दोऱ्याचे घेतले. त्या माणसाकडून आजतागायत ना तीन नमुन्यांचे पैसे आले ना फर्मे. जो कुणी घरगुती शिवणकामाचा धंदा सुरू करतोय त्याने मागणीच्या निम्मी रक्कम हातात पडल्याशिवाय कात्री उचलू नये आणि फर्मा कधीही दाराबाहेर जाऊ देऊ नये. नमुना द्या, मोजमाप सांगा, फर्मा नाही.

त्या बावीसपैकी चौदा हळूहळू विकल्या गेल्या. आठ राहिल्या. त्या प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून बाजारपेठेतल्या आमच्या भाड्याच्या दुकानाच्या फळीवर ठेवल्या. ती चूक २२ जुलै २०२१ ला कळली.

चिपळूणचा पूर सगळ्यांनी बातम्यांत पाहिला आहे, त्यामुळे वाशिष्ठी नदीचं पाणी कसं आलं हे सांगत बसत नाही. पाणी उतरल्यावर काय उरतं ते सांगायला हवं. चिखल असा बारीक की बॉबिन केसच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीच्या, आतल्या पट्टीखालीही बसलेला. पाच मशिनं पूर्ण बुडाली होती. पहिल्या दिवशी आम्ही दोन मशिनं पुसून उन्हात ठेवली, आणि तीच दोन आम्ही गमावली. चिखल आत वाळला की सिमेंट होतो. उरलेल्या तिघांवर मग रीतसर काम केलं. आधी साध्या पाण्याची धार सोडून चिखल पूर्ण धुतला. मशीन आधीच भिजलेलं आहे, आणखी पाण्याने त्याचं काही जात नाही. मग सुईखालची पट्टी, दाते, शटल, बॉबिन केस काढून वेगळं ठेवलं. ब्रशने रॉकेल लावत चाक हाताने फिरवलं, कधीही जोर न लावता. अडलं की थांबायचं, रॉकेल सोडायचं, तासाभराने पुन्हा. काळं पाणी यायचं बंद झालं की पुसून मशीनचं तेल. हेच तीन दिवस लागोपाठ, कारण ओतीव लोखंडाला एका रात्रीत तांबूस गंज धरतो. चामड्याचे पट्टे फुगून गेले, ते फेकले. प्लायच्या फळ्या सुटल्या. लोखंडी पायडलं मात्र जशीच्या तशी राहिली. आजही नवीन मशीन घ्यायचं तर आम्ही मोटरवालं घेत नाही, पायडलवालंच घेतो.

एक गोष्ट इथेच सांगतो: मशीनला खोबरेल तेल घालू नका. आपल्याकडे घरोघर घालतात, कारण ते हाताशी असतं. थंडीत ते गोठतं, वर्षभरात चिकट होतं, आणि मग मशीन जड झालं म्हणून कारागिराला बोलावतात.

त्या आठ गोधड्यांची गोष्ट वाईट झाली. प्लास्टिकने पाणी अडवलं नाही, आत आलेलं पाणी मात्र बाहेर जाऊ दिलं नाही. पिशव्या उघडल्या तेव्हा चौघींवर काळी बुरशी थरांच्या आत गेलेली होती. बुरशीचे काळे ठिपके धाग्याच्या आत बसतात, ते घासून जात नाहीत. चार वाचल्या. त्या आधी बिनसाबणाच्या वाहत्या पाण्यात धुतल्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग साबण. गंजाच्या डागांना लिंबू आणि मीठ चोळून उन्हात. वाळत घालताना एका दोरीवर नाही, दोन समांतर दोऱ्यांवर, कारण दोन किलोची गोधडी ओली झाली की दुपटीने जड होते आणि एका दोरीवर तिचे टाके ताणून तुटतात. तेव्हापासून गोधडी आमच्याकडे फक्त जुन्या सुती चादरीत बांधली जाते.

दुकानात पुस्तकांचं एक कपाटही होतं. सुरुवात गुहागरकडच्या एका निवृत्त शिक्षिकांनी केली. आम्ही त्यांना बाई म्हणतो. गोधडीसाठी साड्यांचं गाठोडं आणलं की त्यात एक पुस्तक असायचं, आणि जाताना कपाटातलं एक त्या घेऊन जायच्या. बघता बघता बाकीच्यांनीही तेच धरलं. पुरात खालचे दोन कप्पे गेले. चकचकीत कागदाची पुस्तकं एकदा वाळली की त्यांची वीट होते, पानं सुटत नाहीत. साध्या कागदाची काही वाचवता आली: उभी करून पानं पंख्यासारखी मोकळी केली, वीस-वीस पानांनंतर कोरा कागद घातला, तो दर दोन तासांनी बदलला, आणि सगळं काकूंच्या माळ्यावर पंख्याखाली ठेवलं. उन्हात नाही. उन्हाने पान वाकतं आणि पाठीचा डिंक तडकतो. त्याच दिवसांत शहरातल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही पाणी शिरून ग्रंथांचं मोठं नुकसान झालं होतं. त्यापुढे आमचं कपाट काहीच नव्हे, पण प्रत्येक पुस्तक कुणाच्या तरी घरातून आलेलं होतं.

ऑगस्टमध्ये एसटीने एक गाठोडं आलं. आत अकरा सुती साड्या. धुतलेल्या, खळ काढलेल्या, फॉल उसवलेल्या आणि प्रत्येक साडी मधोमध फाडलेली. काठापुरती कात्री, पुढे हाताने. बाईंनी बारा वर्षं फक्त बघून ते उचललं होतं. तळाशी एक पाकशास्त्राचं जुनं पुस्तक, त्याला कापडी वेष्टण, शिवणीचं माप चुकलेलं. एका थराची साडी कमी पडत होती, ती काकूंनी स्वतःची घातली, आणि त्या तीन गोधड्यांवर धंदा पुन्हा उभा राहिला.

वेष्टणाचं माप बऱ्याचजणी चुकतात म्हणून लिहितो. पुस्तक मिटून त्याभोवती पट्टी गुंडाळूनच मोजायचं. उघडं ठेवून मोजलं की पाठीची गोलाई धरली जात नाही आणि वेष्टण घातल्यावर पुस्तक पूर्ण मिटत नाही. साडेपाच बाय साडेआठ इंचांचं, इंचभर जाड पुस्तक असेल तर दोन पुठ्ठ्यांचे अकरा, पाठीचा एक, आत दुमडायचे तीन-तीन मिळून सहा, शिवणीचा एक, असे एकोणीस इंच लांबी. उंची साडेआठ, अर्धा इंच सैल, एक इंच शिवण, म्हणजे दहा. कापड आधी धुऊन आटवलेलं. सुई चौदा नंबर. चार थर एकत्र येतात त्या कोपऱ्यात सुई अडली तर सोळा लावा, पण चाक जोरात ढकलू नका. खाली दोऱ्याची जाळी झाली की सगळे बॉबिनला दोष देतात. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो, तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या, चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. कापड दाबणारं मशीनचं पाऊल वर उचलून दोरा परत ओवा.

मधल्या वर्षांत स्वयंपाकघरातल्या कापडांचं काम वाढलं आणि आता निम्मा धंदा त्यावर चालतो. चक्क्याचं मलमल, भाकरीचं फडकं, मोदकपात्रातलं कापड, गरम पातेलं धरायची जाड फडकी. या शेवटच्यात दोराही सुतीच हवा. पॉलिएस्टरचा दोरा फार तापलेल्या पातेल्याला वितळू शकतो आणि शिवण सुटून पातेलं हातातून निसटतं. आत जुन्या टॉवेलचे दोन तरी थर, वर-खाली साडी. मोदकाचं कापड नवीन असेल तर एकदा मीठ घालून उकळून घ्या, नाहीतर उकडीला खळीचा वास येतो. वापरताना ओलं करून घट्ट पिळायचं, कोरडं घातलं की मोदक चिकटून बूड फाटतं. उकडीला आंबेमोहराची पिठी आणि पाणी मापाला माप, चमचाभर तूप, चिमूट मीठ. पिठी घालून ढवळली की झाकण ठेवून दोन मिनिटं, आणि मळायची ती गरम असतानाच. थंड उकडीला चिरा पडतात आणि मग दोष कापडाला दिला जातो.

काकू आता सत्तरीच्या पुढे आहेत. कच्चे टाके अजून त्याच घालतात. आम्ही भाड्याची जागा सोडली, काम परत त्यांच्या पडवीत चालतं. तिथवर २०२१ चं पाणी आलं नव्हतं. मशिनं तीन, बायका सहा, कपाट एक.

गोधडीसाठी साड्या द्यायच्या असतील तर चैत्र-वैशाखात आणा. आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या बेगमीची, कामं सुरू झाली की आम्ही धुण्याला कापड घेत नाही, कारण पावसात खळ काढलेली साडी धड वाळत नाही आणि अर्धओली थरात गेली की आतून वास धरते. चार साड्या एका गाठोड्यात, रंग सुटणारी वेगळी बांधून. फॉल तसाच राहू द्या, तो आम्ही उसवू, घरी ओढून काढताना काठ फाटतो. आणि पुस्तक असेल तर साड्यांच्या मधे ठेवा, तळाशी नको.