पावसाळ्यात कुंडीतली जिवंत माती
ठाण्यातल्या पावसाळ्यात बाल्कनीतील कुंड्या क्वचितच सुकतात, आणि सेंद्रिय जिवंत मातीतील, म्हणजे सूक्ष्मजीवांनी भरलेल्या मातीतील, झाड पिवळे पडू लागले की बहुतेक जण लगेच आणखी गांडूळखत घालतात. ही घाई टाळावी, असे मला मनापासून वाटते. आधी पिवळेपणा कुठे आहे ते पाहावे. खालची, जुनी पाने पिवळी पडत असतील तर नत्राची कमतरता संभवते. कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर बहुधा लोह कमी पडते आहे, आणि हे लोह मातीत असूनही घडते, कारण पाणी साचल्यावर मुळांना प्राणवायू मिळत नाही. बोटाची दोन पेरे खोल माती उकरून हुंगावी. कुजकट वास आल्यास तळाचे भोक मोकळे करावे, कुंडी विटांवर ठेवावी आणि वरचा थर सुकेपर्यंत पाणी व खत दोन्ही थांबवावे.