‘सेटल्ड’ या शब्दापायी अडलेले क्रेडिट कार्ड

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावात मी गेली सहा वर्षे आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. दिवसभर इतरांचे अर्ज भरणे हाच माझा धंदा असल्यामुळे, जानेवारी २०२४ मध्ये माझाच क्रेडिट कार्डाचा अर्ज दहा मिनिटांत नामंजूर झाल्याचा संदेश आला, तेव्हा वाईट वाटण्यापेक्षा ओशाळल्यासारखेच अधिक झाले. समोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी एक काकू बसल्या होत्या. त्यांना काही कळण्याचे कारण नव्हते, तरी मी मोबाइल पालथा ठेवला.

कारण मला ठाऊक होते, किंवा ठाऊक आहे असे वाटत होते. २०१५ मध्ये पुण्यात कंत्राटी नोकरीला असताना मी चाळीस हजारांच्या मर्यादेचे कार्ड घेतले होते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये कंत्राट संपले, ते पुढे वाढले नाही आणि मी गावी परतलो. शेवटचे काही महिने मी बिलातील फक्त किमान देय रक्कम भरत होतो. एवढे भरले की हप्ता चुकला असे धरत नाहीत, त्यामुळे आपण वेळेवर फेडत आहोत या भ्रमात माणूस राहतो आणि उरलेल्या रकमेवर व्याज चढत जाते. त्या वर्षी विदर्भभर कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली आणि आमच्या चार एकरांतून वेचणीची मजुरीही निघाली नाही. नोव्हेंबरपासून मी कार्डाचे पैसे भरणे बंद केले. तेव्हा थकबाकी ३१,४०० रुपये होती.

महिना साडेतीन टक्के व्याज, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी आणि पुढच्या महिन्यात या सगळ्यावर पुन्हा व्याज, अशा हिशेबाने दीड वर्षात हा आकडा ६५,००० वर गेला. वसुलीचे फोन येऊ लागले. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करू नये असा स्पष्ट नियम रिझर्व्ह बँकेने पुढे २०२२ मध्ये केला; तेव्हा मात्र फोन करणाऱ्यांना वेळेचे काही बंधन असल्याची चिन्हे नव्हती. एकदा मी वावरात असताना फोन बाबांनी उचलला. कार्ड म्हटले की त्यांना रेशन कार्डच ठाऊक, म्हणून त्यांनी पलीकडच्या माणसाला बराच वेळ समजावले, ‘‘अहो साहेब, आमचं कार्ड केशरी हाये, त्याचे कायचे पैसे?’’ त्या दिवसापुरता तो माणूस थकला असावा.

मे २०१९ मध्ये बँकेने एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव दिला. पासष्टऐवजी चाळीस हजार भरा, प्रकरण मिटेल. पेरणीसाठी ठेवलेल्या पैशांत मामांकडून घेतलेल्या उसन्याची भर घालून मी ते भरले. इंग्रजीतील पत्र आले, ते मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवले आणि आपण मोकळे झालो असे समजून निश्चिंत झालो.

असे समजण्यामागे आमच्या भागाची एक सवय आहे, असे मला आता वाटते. आमच्याकडे कर्ज सुटण्याचा जो प्रकार लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे, तो कर्जमाफीचा. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची झाली, डिसेंबर २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची जाहीर झाली. त्या दुसऱ्या योजनेच्या याद्या लागल्या तेव्हा माझे केंद्र नुकतेच सुरू झाले होते आणि बाबांच्या पीक कर्जाचे आधार प्रमाणीकरण मीच केले. कापूस वेचून आणि फवारणी करून त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे यंत्र तीन वेळा ठसा घेईना. चौथ्यांदा ओल्या फडक्याने बोट पुसून दाबले तेव्हा पावती निघाली. नंतर त्या खात्यात सरकारकडून रक्कम जमा झाली. म्हणजे तिथे बँकेचे पैसे बुडाले नाहीत, फक्त देणारा बदलला. माझ्या तडजोडीत उरलेले पंचवीस हजार कोणीच भरले नव्हते. बँकेने ते स्वतःचे नुकसान म्हणून सोडून दिले आणि हे नुकसान माझ्यामुळे झाले अशी नोंद, कोणी कर्ज कसे फेडले याची माहिती जमवणाऱ्या पतमाहिती कंपनीला कळवली. गावात दोन्हीला ‘सुटलं’ असेच म्हणतात.

ही नोंद मी पाहिली ती अर्ज नामंजूर झाल्यानंतर, आणि तीही लगेच नाही. आधी मी आणखी एक चूक केली. एका बँकेने नाही म्हटले तर दुसरी देईल, या समजुतीने महिन्याभरात आणखी दोन बँकांकडे अर्ज केले. अर्ज केला की बँक पतमाहिती कंपनीकडून आपला अहवाल मागवते आणि ती प्रत्येक चौकशी अहवालात तारखेसह उमटते. लागोपाठ तीन चौकश्या म्हणजे हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतो आहे, असे चित्र तयार होते. अहवाल स्वतः पाहिला तर असे काही उमटत नाही, शिवाय सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो पूर्ण अहवाल फुकट मिळतो. ही सोय २०१७ पासून आहे. लोकांना दहा प्रकारचे दाखले काढून देणाऱ्या मला ती सात वर्षे उमगली नव्हती.

अहवाल मी केंद्राच्याच प्रिंटरवर छापला. ३०० ते ९०० च्या मापात, जिथे जास्त तितके चांगले, माझे पतगुण ६१२ निघाले. खाली त्या जुन्या कार्डाची चौकट होती, तीत महिन्यागणिक छोटे रकाने आणि त्यांत हप्ता किती दिवस उशिरा आहे याचे आकडे होते. सुरुवातीचे रकाने शून्यांचे, मग ३०, ६०, ९० असे चढत गेलेले. खात्याच्या स्थितीपुढे ‘सेटल्ड’ असा शब्द होता. व्यवहारात ज्याला फेडलेले म्हणतात त्यासाठी तिथे ‘क्लोज्ड’ हा वेगळा शब्द असतो. हा फरक माझ्या कपाटातील पत्रातही दुसऱ्या परिच्छेदात लिहिलेला होता. मी ते पत्र रकमेच्या ओळीपुढे वाचलेच नव्हते.

तालुक्याच्या ठिकाणी भेटणारे जाणकार दोन सल्ले देतात. पहिला असा की तीन वर्षांनी कर्ज कालबाह्य होते. ते खरे असले तरी ती मुदत बँकेने कोर्टात दावा लावण्याची आहे, तिचा अहवालातील नोंदीशी संबंध नाही. दुसरा असा की सात वर्षांनी नोंद आपोआप पुसली जाते. प्रत्यक्षात नियम आहे तो माहिती किमान सात वर्षे जपून ठेवण्याचा. पुसण्याची हमी त्यात नाही. पीक कर्जाला सिबिलची अट लावू नका, असे राज्य सरकार बँकांना वरचेवर बजावत असते, पण क्रेडिट कार्डाला असे कोणतेही छत्र नाही.

म्हणून मी सोडून दिलेले पंचवीस हजार भरायचे ठरवले. घरात आईने नापसंती स्पष्ट बोलून दाखवली, कारण मागायला कोणी आलेले नसताना पैसे नेऊन देणे तिच्या हिशेबात बसत नव्हते. मला ती बाजू आजही पूर्ण चुकीची वाटत नाही. बँकेला तीन ई-मेल पाठवल्यावर उत्तर आले; चढ्या दराची वाट पाहत घरात ठेवलेला कापूस विकून मे २०२४ मध्ये मी रक्कम भरली, पण त्याआधी ‘रक्कम भरल्यावर खाते क्लोज्ड म्हणून कळवू’ असे त्यांच्याकडून लेखी घेतले. जूनमध्ये बेबाकीचे, म्हणजे काही देणे उरले नसल्याचे, पत्र आले. अहवालात मात्र जुनाच शब्द राहिला, तेव्हा सिबिलच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली. तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास तक्रारदाराला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, असा नियम त्याच वर्षीच्या एप्रिलपासून लागू झाला होता. माझी दुरुस्ती सव्विसाव्या दिवशी झाली, त्यामुळे ती कमाई हुकली. शब्द बदलला तरी उशिराच्या आकड्यांचे रकाने तसेच राहिले, कारण ते घडलेलेच होते.

लगेच साध्या कार्डासाठी अर्ज करण्याऐवजी मी दुसऱ्या एका बँकेत वीस हजारांची मुदत ठेव ठेवली आणि तिच्या तारणावर अठरा हजार मर्यादेचे कार्ड घेतले. ठेव बँकेकडेच अडकलेली असल्यामुळे अशा कार्डासाठी जुने गुण फारसे आड येत नाहीत, आणि फेडीची नोंद मात्र इतर कार्डांसारखीच पाठवली जाते. त्यावर मी फक्त प्रिंटरची शाई आणि कागदाची रिमे घेत होतो, महिन्याला चार हजारांच्या आत. चौदा महिन्यांनी गुण ७१८ झाले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मी पुन्हा साधा अर्ज केला, एकाच बँकेकडे. ज्या बँकेचे पैसे थकवले होते तिच्याकडे गेलो नाही, कारण अहवालात काहीही लिहिलेले असो, बँका स्वतःच्या दप्तरातील जुनी नोंद सहसा विसरत नाहीत. पडताळणीचा फोन आला तेव्हा मुलीने पूर्वी काही थकले होते का, असे विचारले. मी वर्षांसकट सांगितले. पलीकडे टंकलेखनाचा आवाज येत राहिला आणि मग तिने पिन कोड विचारला.

कार्ड पन्नास हजार मर्यादेचे आले. मी ती मर्यादा ॲपवरून वीस हजारांवर आणली आणि बिल दरमहा खात्यातून आपोआप वळते व्हावे, अशी सूचना देण्यासाठी पुढचे पान उघडले. तिथे दोन पर्याय होते, आणि ‘किमान देय रक्कम’ हा पर्याय आधीपासूनच निवडलेला होता. तो मी बदलला.