एक डोंगर, तीन रंग

स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला जाण्यामागे माझा हेतू एकच होता. जे. एम. डब्ल्यू. टर्नर या इंग्रज चित्रकाराने १८४२ मध्ये जलरंगांत रंगवलेला रिगी पर्वत ज्या काठावरून त्याला दिसला, त्याच काठावर बसून तो पाहायचा आणि रंगवायचा. परदेशात गेल्यावर रोज नवे गाव गाठणारे चित्रकार मला कधीच पटलेले नाहीत. ज्या दृश्यासाठी जायचे, त्याच्यासमोर मुक्काम ठोकावा, या मताची मी आहे.

टर्नर ल्युसर्नला सरोवरालगतच्या 'ला सिन्य' या सराईत उतरत असे आणि पाण्यापलीकडचा रिगी त्याला तेथून वेगवेगळ्या वेळी न्याहाळता येई. प्रवासात केलेल्या अभ्यासांवरून त्याने नमुनाचित्रे तयार केली आणि थॉमस ग्रिफिथ या मध्यस्थामार्फत ती ग्राहकांना दाखवून त्यांवरून मोठ्या चित्रांची मागणी मिळवली. त्यातून 'निळा', 'तांबडा' आणि 'काळोखा' अशी रिगीची तीन चित्रे साकारली. पैकी 'निळा रिगी' २००७ मध्ये लोकवर्गणीची मदत घेऊन लंडनच्या टेट संग्रहालयाने मिळवला, तर 'तांबडा रिगी' मेलबर्नमध्ये आहे.

हे रंग कल्पनेचे आहेत, असे पुष्कळांना वाटते. काठावर बसल्यावर तसे वाटत नाही. रिगी ल्युसर्नच्या पूर्वेला असल्याने सूर्य त्याच्या पाठीमागून वर येतो. त्यामुळे पहाटे आपल्याकडची बाजू पूर्ण सावलीत राहते आणि १,७९८ मीटर उंचीचा तो अख्खा डोंगर उजळत्या आकाशापुढे निळा दिसतो. सायंकाळी हाच डोंगर मावळतीच्या किरणांसमोर उभा असतो, म्हणून त्याचे कडे तांबूस होतात. टर्नरने जे रंगवले, ते त्या त्या वेळचे निरीक्षण आहे, आणि मला त्याचे मोठेपण यातच दिसते.

पहाटेचे चित्र रंगवताना खरी कसोटी लागते ती आकाशात. क्षितिजाजवळचा पिवळा आणि वरचा निळा ओल्या कागदावर थेट भिडले, तर मध्ये हिरवट पट्टा उमटतो आणि सकाळच मावळते. मी दोहोंच्या मध्ये अगदी पातळ गुलाबी वॉश, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा हात, दिला, कागद पुरता वाळू दिला आणि मगच वरून निळा उतरवला. सरोवराकाठच्या दमट हवेत कागद लवकर वाळत नाही. डोंगराच्या पायथ्याशी धुक्यात विरणारी कड हवी होती, तिथे मात्र हाच ओलावा कामी आला. 'निळ्या रिगी'त वर आकाशात शुक्र चमकतो, पण तो पांढऱ्या रंगाचा ठिपका नाही. टर्नरने रंगाचा थर खरवडून खालचा कागद उघडा केला आहे. खाली, बदकांमागे पाण्यात झेपावणारी कुत्रीही आहेत, आणि त्यांच्यामुळे त्या शांत पहाटेला जाग येते.

स्थळावरच चित्र पुरे झाले पाहिजे, हा आग्रह मला मान्य नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १९०८ मध्ये व्हेनिसमध्ये सुरू केलेली चित्रे जिव्हर्नीच्या आपल्या स्टुडिओत पूर्ण केली आणि १९१२ मध्ये पॅरिसमध्ये प्रदर्शनात मांडली. पण त्यांतले पाण्यावरचे ऊन त्यामुळे शिळे झालेले नाही.

सायंकाळच्या रिगीसाठी मी म्हणूनच रंगपेटी उघडली नाही. तो तांबूस प्रकाश फार थोडा वेळ टिकतो आणि तेवढ्यात एक वॉशही धड वाळत नाही. पेन्सिलीने कड्यांच्या रेषा नेमक्या टिपून घेतल्या, प्रत्येक उतारावर रंगाचे नाव आणि घड्याळातली वेळ लिहिली, सावली कोणत्या बाजूने वर चढते ते बाणांनी दाखवले. रंग त्या टिपणांवरून, स्टुडिओत भरायचे आहेत.