सँतुआँच्या बाजारातले ‘१९१६ चे’ गॉगल

पहिल्या महायुद्धातील वैमानिकांचे गॉगल शोधायला पॅरिसला जाणार असाल, तर सँतुआँच्या जुन्या बाजारात पहिल्या दिवशी काहीही विकत घेऊ नका. मी घेतले. ‘१९१६ चे ब्रिटिश लष्करी गॉगल’ म्हणून २४० युरो मोजून जी जोडी मी मोठ्या आनंदाने पिशवीत टाकली, ती दुसऱ्या महायुद्धातली निघाली. आणि त्याचा पुरावा शोधायला कुठे जावे लागले नाही, तो तिच्यावरच ठसठशीत उमटवलेला होता.

आधी रस्त्याविषयी, कारण माझी अर्धी शुद्ध तिथेच हरपली. मेट्रोच्या ४ क्रमांकाच्या मार्गावरील पोर्त द क्लिन्याँकूर या शेवटच्या स्थानकावर उतरल्यापासून पेरिफेरिक या वर्तुळाकार महामार्गाच्या पुलाखालून पलीकडे जाईपर्यंत जे काही दिसते, तो जुना बाजार नव्हेच. तिथे जीन्स, बूट, मोबाइलची कव्हरे आणि नामांकित कंपन्यांच्या बनावट पट्ट्यांचे ढीग असतात, अंगावर येऊन घड्याळे दाखवणारे लोक असतात, आणि गर्दीत खिशावरचा हात काढण्याची सोय नसते. हाच बाजार समजून मी तिथे पाऊण तास घालवला. पुलाखालून पलीकडे गेले की डावीकडे र्‍यू दे रोझिये ही गल्ली लागते. व्हेर्नेझों, झ्यूल व्हालेस वगैरे खरे बाजार तिच्या आजूबाजूला आहेत. माझा सल्ला स्पष्ट आहे: १३ क्रमांकाच्या मार्गावरील गारिबाल्दी स्थानकावर उतरा, दहाएक मिनिटे चाला आणि उलट्या बाजूने आत शिरा.

त्या पाऊण तासानंतर एका गाळ्यात काचेच्या कपाटात, दुपंखी विमानाच्या छायाचित्रासमोर मांडलेले गॉगल दिसले, तेव्हा मला हायसे वाटले. विक्रेता सभ्य होता, त्याने ३२० वरून २४० वर यायला फार वेळ लावला नाही, आणि मुंबईच्या चोर बाजारात घासाघीस शिकलेल्या माणसाला तेवढ्यानेच आपण जिंकल्यासारखे वाटते. रात्री हॉटेलात भिंग लावले, तर धातूवर राजमुकुट आणि त्याखाली ‘ए. एम.’ ही अक्षरे. ‘ए. एम.’ म्हणजे एअर मिनिस्ट्री, आणि ब्रिटनचे हे मंत्रालयच मुळी जानेवारी १९१८ मध्ये अस्तित्वात आले. माझी जोडी रॉयल एअर फोर्सच्या मार्क ८ नमुन्याची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षांतली होती. ती खोटी नव्हती, फक्त तिचे वय पाव शतकाहून अधिक वाढवून सांगितले होते. १९१६ च्या ब्रिटिश सरकारी मालावर खूण असलीच तर बाणाची असायला हवी.

भिंग, अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी आणि चालायचे बूट तुमच्याकडे आहेत, असे मी गृहीत धरतो. प्रथम काच पाहा. एदुआर बेनेदिक्त्यूस या फ्रेंच माणसाने १९०९ मध्ये पेटंट घेतलेली ट्रिप्लेक्स काच म्हणजे दोन काचांमध्ये सेल्युलॉइडचा पातळ थर. शंभर वर्षांत तो थर पिवळा पडतो आणि कडेने बुडबुडे धरतो, म्हणून लख्ख काचेवर भाळू नका, पिवळ्या काचेला नाक मुरडू नका. इलॅस्टिक ताणल्यावर झटकन परत आले, तर ते बदललेले आहे किंवा सगळीच वस्तू नवी आहे. फुलीच्या खाचेचा स्क्रू दिसला तर बोलणे तिथेच थांबवा, कारण असे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले. शिवणीचा दोरा अतिनील प्रकाशात निळसर पांढरा चमकला, तर तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा समजावा. केसाळ कातड्याच्या कडेवरचे तेलकट डाग दाखवून ‘एरंडेल’ असे सांगणारेही भेटतील. फिरत्या इंजिनांतून एरंडेल उडून वैमानिकाच्या तोंडावर येत असे, हे खरे आहे. पण डाग काय, स्वयंपाकघरातही पाडता येतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पावती, फ्रेंचमध्ये ‘फाक्त्यूर’. १९८१ च्या एका फ्रेंच आदेशानुसार, ग्राहकाने मागितल्यास विक्रेत्याने वस्तूचे स्वरूप, उगम आणि काळ याविषयी केलेला दावा पावतीवर लिहून द्यावा लागतो. ‘१९१६’ एवढे चार अंक लिहायला सांगा आणि त्याचा चेहरा पाहा. मी मागितली नाही.

खरेदीच्या आधी ल बूर्झेचे विमान संग्रहालय पाहावे. सोमवारी ते बंद असते, म्हणून शुक्रवारी तिथे खऱ्या वस्तूंवर डोळा तयार करावा आणि शनिवारी बाजार गाठावा. रविवारी सकाळी व्हाँव्हच्या छोट्या बाजारात मला पिवळ्या काचेची, इलॅस्टिक मेलेली एक फ्रेंच जोडी ६० युरोंना मिळाली. मधल्या आठवड्यात उत्तर फ्रान्समधल्या एस्तव्हेल गावी जाऊन इंद्रलाल रॉय या पहिल्या महायुद्धातील भारतीय वैमानिकाची कबर पाहिली. तो प्रवास सुखाचा झाला, त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

सोमवारी २४० युरोंची जोडी परत करायला मी पुन्हा सँतुआँला गेलो. सोमवारी बाजार उघडा असतो असे सगळीकडे लिहिलेले असते आणि ते खोटे नाही, पण बरेच गाळे बंदच असतात. माझा विक्रेता, शेजाऱ्याने सांगितले, फक्त शनिवार-रविवारी येतो. माझे विमान सोमवारी रात्रीचे होते.