शब्दकोडं ॲप, नोंद ७: दऱ्यांचा दर्या

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की शब्द घरांत भरण्यासाठी त्याची अक्षरं तोडायचा विषय संपला. नाही संपला. रविवारी रात्री आत्याचा व्हॉइस मेसेज: "अरे, आडवा ४, 'डोंगर उतरलास की लागतात'. दऱ्याच ना? तीनदा घातलं, तुझं ॲप नाहीच म्हणतंय."

माझ्या फोनवर तेच कोडं उघडलं, दऱ्या लिहिलं, घरं हिरवी. नेहमीचंच, 'माझ्याकडे तर चालतंय'.

आधीचा धागा आठवत असेल. 'क्षत्रिय'ची लांबी डार्ट (ॲप ज्या प्रोग्रामिंग भाषेत आहे ती) सांगतं ८, जुन्या नियमाने ग्राफीम, म्हणजे एक अक्षर म्हणून धरलेले तुकडे, होतात ५, आणि कोड्याला हवीत ३. जोडाक्षर एकत्र ठेवायचा नियम युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकात, आला तो १५.१ ला, म्हणजे २०२३ मध्ये. कॉटलिन या दुसऱ्या भाषेतल्या पहिल्या खटाटोपात मी फोनच्या सिस्टीमलाच विचारत होतो, तेव्हा जुना फोन ५ म्हणाला आणि नवा ३. म्हणून डार्टवर आलो. तिथे अक्षरं तोडणारं कॅरेक्टर्स पॅकेज स्वतःची टेबलं घेऊन येतं, आणि त्याच्यावर माझं बारा ओळींचं फंक्शन: तुकडा हलन्तावर संपला की पुढच्याला चिकटव.

आत्याला तिने घातलेला शब्द जसाच्या तसा पाठवायला सांगितलं. पडद्यावर दोन्ही दऱ्या हुबेहूब सारख्या. मग कोड पॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाचे युनिकोड क्रमांक, छापले:

माझा: २३४२, २३५३, २३८१, २३५१, २३६६
तिचा: २३४२, २३५२, २३८१, ८२०५, २३५१, २३६६

मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवाला, मला ऱ ची स्वतंत्र कळ आहे (२३५३). तिच्या फोनचा कीबोर्ड साधा र घेतो, हलन्त देतो आणि मग ८२०५, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह, गुपचूप सरकवतो. तिचा तुकडा हलन्तावर नाही, जॉइनरवर संपत होता. माझं फंक्शन त्याला चिकटवेना, आणि दोन घरांच्या जागी तीन अक्षरं उभी. नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या पद्धती एकसारख्या करून, सुटेल म्हणाल तर नाही, एनएफसी या त्याच्या प्रकाराच्या दृष्टीने हे दोन वेगळेच शब्द आहेत.

पहिला उपाय डोळे मिटून केला: सगळे जॉइनर उडवून टाकले. अक्षरं दोन झाली, खूश झालो, चहा टाकायला गेलो. परत येऊन बघतो तर उत्तराच्या जागी 'दर्या'. जॉइनर गेला की र चा रफार होतो. आत्याच्या दऱ्यांत समुद्र भरला होता!

दुसरा उपाय बरोबर होता. र, हलन्त, जॉइनर हे त्रिकूट दिसलं की त्याचं ऱ आणि हलन्त करायचं, मगच तुकडे. तऱ्हा, वऱ्हाड, गुऱ्हाळ, सगळ्या टेस्ट हिरव्या. हे सगळं 'अक्षर' या एक्स्टेन्शन टाइपच्या (साध्या मजकुरावर चढवलेला नवा प्रकार) फॅक्टरीत, म्हणजे तो बनवणाऱ्या फंक्शनमध्ये, टाकलं, म्हणजे कच्ची स्ट्रिंग, न धुतलेला मजकूर, कुठूनही आत शिरणार नाही. असं मला वाटत होतं.

सोमवारी कोडं १२ मध्ये तोच शब्द. या वेळी आत्याचाही नापास आणि माझाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. फॅक्टरीत ब्रेकपॉइंट लावला, खेळाडूचं उत्तर नीट धुऊन निघत होतं. कोड्याच्या फाइलमधलं उत्तर मात्र फॅक्टरीच्या दारातून येतच नव्हतं. ते जेसन स्वरूपातून वाचून मी एका ओळीत कास्ट करून, म्हणजे 'हे अक्षरच आहे असं समज' सांगून, 'अक्षर' केलं होतं, आणि कोडं १२ मित्राने त्याच्या कीबोर्डवर, जॉइनरसकट लिहिलेलं.

इथेच एक्स्टेन्शन टाइपची गोम आहे. डार्ट ३.३ मध्ये आला तेव्हा मीच इथे त्याचं कौतुक केलं होतं: रॅपर (वरचं वेष्टण) असून रनटाइमला, म्हणजे ॲप चालताना, खर्च शून्य. खर्च शून्य, कारण रनटाइमला तो प्रकार उरतच नाही, खाली नुसती स्ट्रिंग. त्यामुळे स्ट्रिंगचं अक्षर म्हणून कास्ट बिनबोभाट पास होतं. बरं, 'समान आहे का'चा ऑपरेटर स्वतःचा लिहू म्हटलं तर तेही चालत नाही. कॉटलिनच्या व्हॅल्यू क्लासमध्येही (तिथला असाच प्रकार) स्वतःचं इक्वल्स, म्हणजे तुलना, लिहिता येत नाही, पण निदान असा खोटा कास्ट वाचताना तिथेच आपटला असता. ॲपलच्या स्विफ्ट भाषेचं स्ट्रक्ट या बाबतीत सर्वात सरळ: खराखुरा प्रकार, तुलना आपल्या मनाप्रमाणे, ग्राफीमची मोजणी मुळातच. फक्त तिसरं अक्षर आकड्याने मागता येत नाही, आणि त्यासाठी मॅक घ्या नि वर्षाला ९९ डॉलर भरा. छंदासाठी नको.

आणि मी वाचवत काय होतो? नऊ बाय नऊची चौकट. ८१ ऑब्जेक्ट. एवढ्यासाठी झिरो-कॉस्टचा हट्ट म्हणजे चार पोह्यांना तराजू. काल रात्री 'अक्षर' साधा फायनल क्लास, म्हणजे रनटाइमलाही उरणारा प्रकार, केला, तुलना आणि तिच्या जोडीचा हॅशकोड हाताने लिहिले. जुनी कास्टची ओळ पहिल्याच रनला लाल झाली. दोन दिवसांत इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. हॉट रीलोडवर (कोड बदलला की चालू ॲपमध्ये लगेच दिसतो) मात्र माझा अजूनही जीव आहे. त्याच्यासाठी डार्टचे बाकी गुन्हे माफ.

पुढे ड्रॅग करून घरं भरायचं काम घेणार होतो. पण हे लिहितानाच सुचलं की ॲ चंही हेच आहे. २४१८ हे एक अक्षर, किंवा अ आणि वर ॅ अशी जोडी. दिसायला तेच, आणि इथेही एनएफसी हात वर करतं. म्हणजे 'ॲप' हा शब्दच माझ्या ॲपमध्ये अडकेल. तेव्हा ड्रॅग राहू दे. आधी जोड्यांचं एक टेबल वेगळ्या फाइलमध्ये काढतो, आणि तीच फाइल कोडी तयार करणाऱ्या स्क्रिप्टलाही लावतो, म्हणजे घाण फोनपर्यंत पोचायलाच नको.

नवा बिल्ड आत्याला सकाळी पाठवला. दऱ्या लागल्या. आता तिची तक्रार उभ्या ६ बद्दल आहे, आणि तिथे दोष डार्टचा नाही की जॉइनरचा. 'कुऱ्हाड'ला मी हाताने चार घरं देऊन ठेवली आहेत.