माश्यांमध्येपण ढ आणि हुशार असतात म्हणे

आज वेंगुर्ल्यात काकांकडे, वाडीत सातेरी मधमाश्यांच्या दोन पेट्या आहेत त्यांच्या. सकाळी टाइमपास म्हणून एका बशीत साखरपाणी ठेवलं आणि शेजारी सुरंगीची चार फुलं, दुसऱ्या बशीत नुसतं पाणी आणि लिंबाची साल. साखरपाणी संपलं तरी बऱ्याच माश्या सुरंगीपाशीच घुटमळत होत्या, पण चार-पाच उगाच सगळीकडे हुंगत फिरत होत्या (सुरंगी त्यांना तशीही आवडते, त्यामुळे ह्याला प्रयोग म्हणू नका). काका म्हणाले, "सगळ्यांची डोकी सारकी नसतत रे!"

मग नेटवर वाचत बसलो तर काका बरोबर निघाले की! लॅबमध्ये युरोपियन मधमाशीला छोट्या नळीत अडकवतात, वास देतात आणि लगेच मिशीला साखरपाणी लावतात, की ती सोंड बाहेर काढते, आणि असं थोड्या वेळा केलं की नुसत्या वासानेच सोंड बाहेर. काही पटकन शिकतात, काहींना जाम वेळ लागतो, आणि हा फरक बऱ्यापैकी रक्तातूनच येतो. एखादा वास साखरेशिवाय सारखा दिला तर काही माश्या "हा बिनकामाचा" म्हणून सोडून देतात, काही नाही सोडत. हेसुद्धा आनुवंशिक!

२००६ मध्ये ह्या युरोपियन मधमाशीचा जीनोम (म्हणजे सगळ्या जनुकांचा नकाशा) आला तेव्हा वास ओळखणारे सुमारे १७० रिसेप्टर (वास-चव टिपणारी प्रथिनं) सापडले, चवीचे फक्त १०. आणि राणी एकाच नाही, दहा-बारा नरांशी संग करते, म्हणजे एकाच पोळ्यात बऱ्याचशा सावत्र बहिणी, मग डोकी सारखी कुठून असणार.

बशा अंगणातच विसरलो. आता मुंग्या लागल्यात आणि काकी माझ्या नावाने ओरडतेय.