तिरिपींचा नाद: गुऱ्हाळ, कौलं आणि पुढचा प्लॅन

गुऱ्हाळांचा सीझन आटोपत आलाय, त्यामुळं या हिवाळ्यात तिरिपींचे, म्हणजे फटीतनं येणाऱ्या उन्हाच्या झोतांचे, काय काय फोटो जमले ते टाकतो. वडणगेच्या बाजूला एका गुऱ्हाळावर पडीकच होतो म्हणा, मालक ओळखीचे, रस पण पाजतात वर. सकाळी आठ-सव्वाआठला पत्र्याच्या फटीतनं ऊन आत येतं, खाली उसाच्या रसाची काहील (मोठी कढई) उकळत असते आणि वाफ वर चढली की तिरीप अशी उठते की हात लावून बघावंसं वाटतं. वाफ विरली की तिरीप पण गायब, ऊन तेच, फट तीच. म्हणजे आपण फोटो वाफेचाच काढतोय, हे डोक्यात बसल्यापासनं मी आधी अंधार शोधतो. मागं काळवंडलेली भिंत हवी. पांढरी भिंत असली की कितीबी वाफ असू दे, काय दिसत नाही.

दुसरं म्हणजे उभं कुठं राहायचं. ऊन पाठीवर घेऊन काढला तर फोटो फिका येतो, उन्हाकडं तोंड करून, पण सूर्य खांबाआड किंवा गुळव्याच्या (गूळ करणाऱ्याच्या) डोक्याआड ठेवून काढला की तीच वाफ पेटते, कारण बारीक थेंब उजेड बहुतेक पुढच्याच दिशेला फेकतात. सेटिंग विचारणाऱ्यांसाठी, 50 एमएम, एफ 4, आयएसओ 400, शटर 1/250 च्या आसपास, वाफ पळते त्यामुळं त्याखाली जात नाही. व्हाइट बॅलन्स 5200 ला फिक्स, ऑटोवर सगळं सोनं धुऊन जातं. मोबाइलवाल्यांनो एचडीआर बंद करा राव, ते सावल्या उचलतं आणि तिरिपीचा जीवच जातो, आणि एक्स्पोजर एक-सव्वा स्टॉप खाली.

आता कामाची गोष्ट. आपल्या कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत जातात तो, नोव्हेंबरात 9, 10, 11 ला आणि परत 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारीला, हे शाळेतलं पोरगं पण सांगेल. पण हेच गणित आपल्या प्रत्येक खिडकीला लागू आहे! 21-22 डिसेंबरच्या, म्हणजे सगळ्यात लहान दिवसाच्या, अलीकडं जितके दिवस, तितकेच पलीकडं मोजले की सूर्य परत त्याच वाटेनं जातो. 10 नोव्हेंबरच्या सुमाराला काहिलीवर बरोबर पडणारी तिरीप मला जानेवारी संपताना परत तिथंच मिळाली, फक्त घड्याळात साधारण अर्धा तास उशिरा. त्यामुळं एखादा अँगल हुकला तर वर्षभर थांबायची गरज नाही, तारीख लिहून ठेवा.

घरी मंगळवार पेठेत जुन्या कौलांखाली वेगळंच चाललंय. कौलांच्या फटी वेड्यावाकड्या, पण जमिनीवर पडणारे कवडसे गोल नाहीतर लंबगोल, कारण प्रत्येक बारीक फट सूर्याचंच चित्र पाडते. फटीपासनं जमिनीपर्यंतच्या अंतराला 108 नं भागलं की कवडशाची रुंदी येते, आमच्याकडं साडेतीन मीटर म्हणजे सव्वातीन सेंटिमीटर, टेपनं मोजून बघितलं, लंबगोलाच्या आडव्या बाजूला बरोबर जुळतं. आजी फोडणी टाकते तेव्हा त्या धुरात सगळ्या तिरिपी एकदम उभ्या राहतात, मी ट्रायपॉड घेऊन दारात, आणि ती म्हणते, "जेवायला बस की रे, भिंतीचे फोटो खाणारैस काय?" तिचा हात आणि पळी तिरिपीत आलेली एक फ्रेम लै भारी आलीय, बाकी ठीकठाक.

पुढचा मोठा प्लॅन 2 ऑगस्ट 2027. त्या दिवशी दुपारनंतर आपल्याकडनं खंडग्रास सूर्यग्रहण आहे, म्हणजे स्वयंपाकघरातला प्रत्येक कवडसा चावलेल्या भाकरीसारखा दिसणार. अडचण एकच, ऑगस्टात कोल्हापुरात ऊन मिळणं. कुणाची पर्जन्यछायेत, म्हणजे कमी पावसाच्या जत-आटपाडीकडं कौलारू घराची सोय असेल तर आत्ताच सांगून ठेवा, येताना गुळाची ढेप आणतो.